चौथ्या थांब्यावरचा आवाज

कोणी कोणाचं बोलणं सांगायला लागलं, की बाई बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठकठक करायच्या. "त्यांचे शब्द सांग. तुझे नकोत."

म्हणजे मी म्हणालो, "बाई, सेक्रेटरी सांगत होते, पाण्याची टाकी दुरुस्त होणार आहे," की लगेच ठकठक. "'होणार आहे' म्हणाले?" मी आठवून बघायचो. ते म्हणाले होते, "देखते हैं." "मग तसं सांग. 'देखते हैं' आणि 'होणार आहे' यांच्यामध्ये एक अख्खा उन्हाळा जातो."

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात छत्तीस वर्षं लघुलेखक होत्या. साहेब बोलणार, बाई वहीत रेघोट्या ओढणार, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं जसंच्या तसं टाइप होऊन टेबलावर. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याने बैठकीनंतर त्यांना बोलावून सांगितलं, की माझं ते अमुक वाक्य जरा बदला, तसं म्हणायचं नव्हतं मला. बाईंनी दोन्ही टाइप केलं. वर, 'साहेब म्हणाले'. खाली, 'साहेबांना म्हणायचं होतं'. त्यानंतर तीन वर्षं त्यांची बदली तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत होती. ही गोष्ट त्या कोणत्याही कटुतेशिवाय सांगायच्या. वर म्हणायच्या, "उन्हाळ्यात थंड असायचं तिथं."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे खोटं बोलत नाही म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात आणि शक्यतो त्याला घरी बोलवत नाहीत. बाई तशा होत्या. आमच्या मराठी मंडळात एका मुलीने भाषण म्हणून दाखवलं, बापाची छाती फुगली होती. बाई त्याला म्हणाल्या, "पाठांतर छान. आता मराठी शिकव." मुलगी रडत घरी गेली. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत होतं, की ती दिल्लीतल्या मटार उसळीसारखी आहे, नाव आपलं आणि चव छोल्यांची. मी जन्मापासून दिल्लीत, त्यामुळे मला त्यात बोलायला जागा नव्हती.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एक मात्र गेलं नाही. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ वारले. आम्ही भेटायला बसलो होतो. त्यांची बायको डोळे पुसत म्हणाली, "शेवटपर्यंत हसतमुख होते हो." खोलीत सगळ्यांनी मान डोलावली. बाई म्हणाल्या, "परवा तर तू म्हणालीस, दिवसभर कण्हतात, ऐकवत नाही." तिने बाईंकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. जिन्यात मी म्हणालो, "बाई, काय गरज होती?" त्या म्हणाल्या, "तो माणूस चार महिने कण्हत होता. ते कोणीतरी ऐकलं होतं, एवढं तरी राहू दे त्याचं."

मी तेव्हा गुरुग्रामच्या एका कंपनीत होतो. आम्ही ऑडिओ गाइड बनवायचो. किल्ला, संग्रहालय, जुना बाजार, काहीही. पाहुण्याने दारात एक छोटं यंत्र घ्यायचं, कानात बोंडं घालायची, समोरच्या पाटीवरचा आकडा दाबायचा, की त्या जागेची गोष्ट सुरू. या गोष्टी आम्ही काचेच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर बसून लिहायचो. जागा बघायला क्वचितच कोणी जायचं.

एके दिवशी कोकणातल्या एका वाडीचं काम आलं. नाव सांगत नाही. समुद्राकाठची दीडशे घरांची वस्ती, तिथल्या गावसमितीला पर्यटकांसाठी अकरा थांब्यांची फेरी हवी होती, मराठीत. ऑफिसात मराठी येणारा मी एकटा. नकाशा आणि फोटो घेऊन मी घरी आलो, आणि शनिवारी ते बाईंच्या टेबलावर पसरले. सहज. कोकणातल्या आहेत, दोन शब्द सांगतील म्हणून.

बाईंनी नकाशा बघितला. किनाऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बंदर चुकीच्या बाजूला दाखवलंय."

ती त्यांचीच वाडी होती.

अकराव्या वर्षी त्या तिथून निघाल्या होत्या आणि परत कधी गेल्या नव्हत्या. मी उड्याच मारल्या. बाई, तुम्हीच बोला, तुमच्याच आवाजात, याच्याइतकं खरं काय असणार. त्यांनी साफ नाही म्हटलं. "त्या गावाबद्दल मला गोड बोलता येणार नाही. आणि कडू तुम्हाला चालणार नाही."

मी तीन शनिवार त्यांच्या मागे लागलो. तिसऱ्या शनिवारी मी म्हणालो, "बाई, तुम्ही जे बोलाल तेच राहील. शब्दाला धक्का लागणार नाही."

ठकठक झाली नाही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तुझे शब्द?"

"माझे."

"बरं," बाई म्हणाल्या.

रेकॉर्डिंगला त्या मेट्रोने आल्या. कंपनीची गाडी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाल्या. राजीव चौकात गाडी बदलून, पर्स छातीशी धरून, ठरल्या वेळेच्या आधी वीस मिनिटं स्वागतकक्षात हजर. काचेच्या खोलीत माइकसमोर बसल्या. हातात कागद नव्हता.

मला वाटलं होतं, वय झालंय, अडखळतील. मी काचेबाहेर हेडफोन लावून बसलो होतो आणि पाचव्या मिनिटाला मी लिहिणं थांबवलं. त्यांचा आवाज तसा गोड म्हणावा असा नव्हता. खालच्या पट्टीतला, कोरडा, घाई नसलेला. एकेक वस्तू उचलून जागेवर ठेवावी तशी त्या वाक्यं ठेवत होत्या. पहिल्या थांब्यावर बंदर. दुसऱ्या थांब्यावर होड्या बांधायची जागा, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरायचे त्याचा आवाज सकाळी शाळेपर्यंत यायचा. तिसऱ्यावर बोंबील वाळवायच्या काठ्या. साठ वर्षांपूर्वीचं गाव चौदाव्या मजल्यावर उभं राहत होतं, आणि आमचा साउंडवाला, ज्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तोही हात थांबवून ऐकत होता.

चौथा थांबा म्हणजे गावची विहीर.

त्या काय बोलल्या ते मी इथे जसंच्या तसं देतो. ते मला पाठ आहे. का पाठ आहे ते पुढे येईल.

"या विहिरीला बारा महिने पाणी असतं. इथून कोणी कधी रिकामं गेलं नाही. फक्त माझी आई गेली. माझी आई रोज इथं पाणी भरायला यायची आणि रोज रिकामी कळशी घेऊन परत जायची. बायका तिला बघून बाजूला सरायच्या, वाट द्यायला नाही, तिची सावली पडू नये म्हणून. गावाने आम्हाला वाळीत टाकलं होतं. खोताने वादळाची खबर असताना होडी काढायला लावली, तिच्यातली पाच माणसं बुडाली, आणि माझ्या वडिलांनी पोलिसांना ते खरं सांगितलं, म्हणून. मग आई मैलभर लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायला लागली. तिला सातवा महिना होता. खडकावरून पाय घसरला. मूल गेलं, आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. तिरडी उचलायला गावातलं कोणी आलं नाही. वडील होते, मामा होता, आणि पलीकडच्या मोहल्ल्यातला एक मुसलमान नावाडी आला होता. चौथा खांदा मी दिला. मी अकरा वर्षांची होते. माझी उंची कमी, म्हणून सगळा रस्ता तिरडी माझ्या बाजूला कलत होती."

इथे त्या थांबल्या. पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "पाचवा थांबा. देऊळ."

संध्याकाळी मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेलो. मी म्हणालो, "बाई, हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नव्हतं."

"कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग जिन्यावर थांबून, "तिथं उभं राहून ऐकतील ना लोक? त्या विहिरीपाशीच?"

"तिथंच."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना इतकं समाधानी कधी पाहिलं नव्हतं.

आता माझ्याकडे येऊ.

रेकॉर्डिंग गावसमितीकडे गेलं. आठ दिवसांनी तिथल्या अध्यक्षांचा फोन आला. फार सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. "साहेब, काम एकदम झकास. ते विहिरीचं तेवढं काढा. जुनं आहे हो ते. ती माणसं पण गेली सगळी. लोक बायकामुलं घेऊन दोन दिवस मजा करायला येतात, त्यांना हे कशाला?" मी म्हणालो, मग चौथा थांबाच काढून टाकू. ते म्हणाले, "छे छे, विहीर आमची शान आहे. तिच्यावर चांगलं काहीतरी ठेवा. आणि बाईंचाच आवाज ठेवा बरं का. आवाज फार गोड आहे त्यांचा."

मी माझ्या वरिष्ठांकडे गेलो. म्हटलं, बाईंना विचारावं लागेल, मी शब्द दिलाय. मॅडम लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाल्या, "यार, काट दो ना. शुक्रवार को डिलिवरी है. किसको पता चलेगा?"

मी बाईंना फोन करू शकलो असतो. त्या नाही म्हणाल्या असत्या, मग तेवढा एक थांबा दुसऱ्या कोणाच्या आवाजात करता आला असता, अर्ध्या दिवसाचं काम. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी फोन केला नाही, कारण त्या नाही म्हणाल्या असत्या. गुरुवारी दुपारी मी एडिटिंगला बसलो.

मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं. कापायला फार सोपं असतं.

"या विहिरीला बारा महिने पाणी असतं. इथून कोणी कधी रिकामं गेलं नाही." इथे कापलं. "माझी आई रोज इथं पाणी भरायला यायची." इथे कापलं. "बायका तिला बघून बाजूला सरायच्या, वाट द्यायला." इथे कापलं. अडचण एवढीच होती, की 'यायची' आणि 'द्यायला' हे शब्द अर्ध्यावर लटकत होते, बाईंचा आवाज तिथे पुढे जायच्या तयारीत होता. मग मी दहाव्या थांब्यावरून एक 'यायची' आणला, जिथे संध्याकाळी होडी परत यायची. सातव्यावरून एक 'द्यायला' आणला. शेवटी बाईंचा एक श्वास घेतला, पाण्याचा घोट घेण्याआधीचा, आणि तो वाक्याच्या टोकाला लावला. आठवणीने गहिवरून आल्यासारखा वाटत होता.

खरं सांगायचं तर त्या दुपारी मला वाईट वाटलं नाही. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. साउंडवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "सर, जोड़ पता ही नहीं चलता."

नंतर एकदा बाईंनी जिन्यात विचारलं, "चौथा थांबा ठेवलात ना?"

"ठेवलाय, बाई," मी म्हणालो. शब्द बरोबरच होते.

वाडी तेराशे किलोमीटर लांब. बाई तिथे जाणार नव्हत्या. मी निर्धास्त होतो. वर्षभराने आमच्या मंडळाचे सचिव कोकणात फिरून आले. रेल्वेतून निवृत्त झालेला, मोकळ्या मनाचा माणूस, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, मंडळाच्या गणपतीपासून नाताळच्या केकपर्यंत सगळ्यात पुढे. फिरता फिरता ते त्याच वाडीत पोचले, कानात बोंडं घातली, आणि पहिल्याच वाक्याला ओरडले म्हणे, "अरे, या तर आपल्या बाई!"

परत आल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात बाईंचा सत्कार. मला खाली पार्किंगमध्ये गाठून त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं. म्हणाले, "आपण दोन मिनिटं ऐकवू या सगळ्यांना. मी मोबाइलवर घेऊन आलोय. कुठला थांबा लावू? मला तर विहिरीचा फार आवडला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं."

मी म्हणालो, "बंदराचा लावा. तो छान आहे."

"बघतो," ते म्हणाले. अगदी याच शब्दात.

सोसायटीच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. बाईंनी जांभळ्या काठाची सुती साडी नेसली होती. त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. त्या अवघडून बसल्या होत्या, पण खूश होत्या, हे मला इतक्या वर्षांच्या सवयीने दिसत होतं. मी चौथ्या रांगेत होतो. सचिवांनी मोबाइल माइकपाशी धरला आणि म्हणाले, "ऐका आता. बाईंच्या गावची विहीर."

मी बाईंकडे बघत होतो. 'विहीर' म्हटल्यावर त्या सरळ झाल्या. नारळावरचा हात घट्ट झाला. त्यांना वाटलं, आता या सगळ्यांना कळणार. सत्तर माणसांसमोर, शाल पांघरून. त्यांनी डोळे मिटले.

आवाज हॉलभर घुमला. "या विहिरीला बारा महिने पाणी असतं. इथून कोणी कधी रिकामं गेलं नाही. माझी आई रोज इथं पाणी भरायला यायची. बायका तिला बघून बाजूला सरायच्या, वाट द्यायला." मग तो श्वास. मग बासरी.

बासरी माझ्या लक्षातच राहिली नव्हती. ती कोणीतरी नंतर लावली होती.

बाईंनी डोळे उघडले. टाळ्या चालल्या होत्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, कशी माणसं होती तेव्हा." सचिव रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "बाई, दोन शब्द." माइक त्यांच्या तोंडाशी आणला.

बाईंनी हॉलकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सांगतील, आता सांगतील. छत्तीस वर्षं ज्यांनी साहेबांचंही वाक्य बदलू दिलं नाही, त्या आपलं सोडतील का? आणि सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मी देवाला विनवत होतो, की नको.

"आवाज माझा आहे," बाई म्हणाल्या.

एवढंच बोलून त्यांनी माइक परत केला. सगळ्यांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या.

बाहेर चहा होता. गर्दीतून वाट काढत त्या माझ्यापाशी आल्या. शाल नीट घडी करून हातावर घेतलेली. शांत होत्या. "जोड कुठे आहेत ते मला ऐकूनही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "कोणी केलं?"

"मी, बाई."

"तूच?"

"हो. बाई, तिथल्या समितीने, म्हणजे ऑफिसने…"

त्यांनी हात वर केला. मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीच्या दुकानात नवा नोकर दिसल्यावर बघतात तसं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "चलिए, नमस्ते."

त्या दिवसापासून बाई माझ्याशी मराठी बोलल्या नाहीत.

तुम्ही दिल्लीत राहिला असाल तर याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. इथे हिंदी दाराबाहेरची. रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी, बँकेत, ऑफिसात. दार लावून चप्पल काढली, की मराठी. आमच्या घरांत तर तीही अर्धीमुर्धी असते, पण असते. बाईंनी मला दाराबाहेर ठेवलं. चारचौघांत माझ्या बायकोशी मराठीत बोलायच्या, "मेथी कोवळी आहे, आजच कर," आणि त्याच दमात माझ्याकडे वळून, "आप कैसे हैं? दफ़्तर ठीक चल रहा है?" शुद्ध, अदबशीर हिंदी. एकही चूक नाही. बायकोने दोन-चारदा विचारलं, "बाई तुझ्याशीच हिंदी का बोलतात रे?" मी म्हणालो, "मजा करतात."

मी एकदा त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, "बाई, माझं चुकलं." त्या दार धरून उभ्या होत्या. "किस बात की माफ़ी? आपने अपना काम किया." मी म्हणालो, "मी ते परत होतं तसं करून घेतो, बाई, तिथे लावायला सांगतो." मला ते शक्य नव्हतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "देखते हैं." आणि दार हळूच लावलं.

दोन वर्षं अशी गेली. मग एका मार्चमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणलं, पुण्याहून भाचा आला, आठ दिवस राहिला, चोवीस तासांची एक अटेंडंट ठेवून गेला. बिहारकडची, पन्नाशीची, सरळ बाई. मी वर गेलो नाही. बायको जाऊन आली. म्हणाली, हिंदी आणि इंग्रजी सगळं गेलंय म्हणे. मराठीतले थोडे शब्द उरलेत, तेही तुटक. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, पहिली भाषा तेवढी राहते. भेटायला माणसं आली की मात्र बाई गप्पच असतात, नुसत्या बघतात.

मग मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सचिवांचा निरोप आला. 'बाई सारखं कुसुम, कुसुम असं म्हणतात असे अटेंडंटने कळवले आहे. ही कुसुम कोण? बहीण की मैत्रीण? कोणास माहीत असल्यास त्वरित सांगावे.' ग्रुपवर चर्चा झाली. कोणी म्हणालं, ऑफिसात एक कुसुम होती. कोणी भाच्याला फोन केला, त्याला माहीत नव्हतं. एका काकूंनी लिहिलं, शेवटच्या काळात माणसाला आपली माणसं आठवतात, आणि खाली हात जोडल्याचं चित्र.

चार दिवसांनी दुपारी अटेंडंटने मला लिफ्टपाशी अडवलं. "साहब, आप मराठी हैं ना? माताजी सुबह से रो रही हैं. कुसुम को बुला दीजिए किसी तरह." आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी वर गेलो.

बाई उताण्या पडल्या होत्या. पलंग भिंतीला लागून होता. केस बारीक कापले होते, बहुधा विंचरायला सोपे म्हणून. डोळे मिटलेले होते. मी आलेलो त्यांना कळलं नव्हतं. ओठ हलत होते. मी वाकलो.

"कूस," बाई म्हणत होत्या. "कूस… म… मला… कूस."

मी अटेंडंटला विचारलं, "इन्हें करवट कब दिलाई थी?"

"करवट? बस सुबह बदन पोंछते टाइम, साहब. ये तो कुछ बोलती नहीं."

"यही बोल रही हैं," मी म्हणालो. "कूस माने करवट. करवट बदलवाओ, ये कह रही हैं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने बाईंच्या खांद्याखाली हात घातला आणि मी दुसरीकडून धरलं. अंगातला झगा ओला होऊन पाठीला चिकटला होता. तिने तो सोडवला. माकडहाडाच्या वर तळहाताएवढं कातडं काळं-लाल होऊन फुटलं होतं. "हाय राम," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "हमको क्या मालूम, साहब. हमने समझा बेटी को बुला रही हैं." किती दिवस? ग्रुपवरचा निरोप चार दिवसांपूर्वीचा होता. त्याआधी किती, कोणास ठाऊक.

"किधर करें, माताजी?" तिने मोठ्याने विचारलं. "इधर कि उधर?"

बाईंनी डोळे उघडले. त्यांना मी दिसलो. ओठ हलायचे थांबले. मी वाट पाहिली. आता हिंदी नव्हती त्यांच्यापाशी. बोलायचंच झालं तर मराठीतच बोलावं लागणार होतं.

त्यांनी धड होता तो डावा हात उचलला आणि भिंतीकडे दाखवलं.

आम्ही त्यांना भिंतीकडे वळवलं. पाठीला उशी लावली. अटेंडंटने जखम पुसली, मी औषधाचं नाव भाच्याला फोनवरून विचारून घेतलं, कागदावर 'कूस' हा शब्द लिहून त्याचा अर्थ पुढे हिंदीत लिहिला आणि तो भिंतीला चिकटवला. तहान, थंडी, दुखतंय, हेही लिहिले. पुढच्या अकरा दिवसांत त्यातले किती कामी आले ते मला माहीत नाही. बाराव्या दिवशी बाई गेल्या तेव्हा मी ऑफिसात होतो. ती विहिरीची फेरी अजून चालू आहे. लोक तिथं उभं राहून ऐकतात.

पण त्या दुपारी मी निघण्याआधी अटेंडंट म्हणाली, "पूछिए न साहब, अब आराम है?"

मी वाकून विचारलं, "बाई, आता बरं वाटतंय का?"

मला त्यांची मान दिसत होती, आणि कानामागचा एक तीळ, जो मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. श्वास चालू होता. त्या जाग्या होत्या. मी पुन्हा विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत.

"क्या बोलीं?" अटेंडंटने डोळे पुसत विचारलं.

"बोल रही हैं, ठीक है," मी म्हणालो.